‘शीऽऽ!’ म्हणत मुलं पुन्हा मागतील अशी कविता कशी लिहायची

सहा वर्षांच्या मुलासमोर नुसतं ‘शेंबूड’ म्हणा, ते खदखदून हसतं. दुसऱ्यांदा म्हणा, थोडं हसतं. तिसऱ्यांदा तुमच्याकडे बघतसुद्धा नाही. पण तोच शेंबूड चार टाळ्यांच्या ओळीत नीट बसला, मध्ये काहीतरी घडलं आणि शेवटी यमक नेमकं पडलं, की तीच कविता जिन्यात, रिक्षात, आंघोळीच्या बादलीजवळ आठवडाभर ऐकू येते. घाण फुकट मिळते, ताल मात्र घासून घासून आणावा लागतो. नवीन लिहिणारे पहिल्या गोष्टीवर सगळा जोर देतात आणि दुसरी विसरतात. म्हणून या लेखात तालावर जास्त जागा खर्च केली आहे.

सामान फार लागत नाही. एक वही, पेन्सिल, टाळी वाजवायला दोन हात आणि ऐकायला दोन-तीन मुलं पुरतात. पहिली कविता सहा ते बारा ओळींचीच ठेवा. एका बसणीत कच्चा खर्डा होतो, दुसऱ्या बसणीत ताल दुरुस्त होतो, आणि तिसरी बसणी मुलांसमोर वाचून झाल्यावर. घाई केली तर तिसरी बसणी राहून जाते, आणि कविता खरी तिथेच पक्की होते.

आधी वय ठरवा

दोन वर्षांच्या मुलाला किळस फारशी नसते. ते माती, खडू, चप्पल काहीही तोंडात घालतं. मोठी माणसं ‘शी! टाक ते!’ म्हणतात त्यातून त्याला किळस कळू लागते. म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी शी-शू, शिंक, ढेकर एवढंच पुरे. त्यांना आवाज आवडतो. पाच ते आठ वयाला शेंबूड, पाद, ऊ, कुबट मोजे असं सगळं चालतं, आणि खरी गर्दी याच वयाची. नऊ-दहाच्या पुढे नुसत्या पादावर कुणी हसत नाही. तिथे डोकं लागतं: फसगत, चढत जाणारी अतिशयोक्ती किंवा खरीखुरी किळसवाणी माहिती.

एकच घाण निवडा

एका कवितेत एकच घाण घ्या. शेंबूड, ढेकर, पाल आणि गटार अशी सगळी मंडळी एकत्र आली की कुणाचंच चित्र डोळ्यांपुढे राहत नाही. विषय मुलाच्या हाताला येणारा असावा: नाकातलं मेकूड, डोळ्यांतली चिपडं, कानातला मळ, बेंबीतला मळ, गुडघ्यावरची खपली, नखांतली काळी रेघ, डब्यात राहून गेलेली शुक्रवारची भाजी जी सोमवारी उघडली, पावसाळ्यात न वाळलेले मोजे. मुलाने स्वतः पाहिलेली, हुंगलेली, चोरून चाखलेलीसुद्धा गोष्ट असेल तर एका शब्दात काम होतं. गटारातल्या राक्षसापेक्षा बेंबीतला मळ कितीतरी वरचढ ठरतो.

विषयाची खरी माहिती थोडी वाचून घ्या. त्यातच कविता लपलेली असते. शेंबूड हिरवा होतो तो सर्दीशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे. त्यांच्यातलं एक लोहयुक्त विकर (एन्झाइम) मुळातच हिरवं असतं. म्हणजे हिरवा शेंबूड हे लढाईचं मैदान झालं. माशी पायांनी चव घेते. गाईच्या पोटातला मिथेन वायू लोकांना वाटतं तसा मागून नाही, बहुतांशी ढेकरेतून तोंडावाटे बाहेर पडतो. ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट या प्राण्याच्या लेंड्या चौकोनी ठोकळ्यांसारख्या असतात. काही शेणकिडे रात्री शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत नेण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतात. यातल्या प्रत्येक वाक्यात एक कविता आहे, आणि मुलाने घरी जाऊन ‘हे खरं आहे का?’ म्हणून विचारलं तर उत्तर ‘हो’ आहे.

माहिती चुकली तर मुलं पकडतात. ‘ऊ टुणकन उडाली’ असं लिहिलंत तर जिच्या डोक्यात उवा होऊन गेल्या आहेत ती मुलगी लगेच सांगेल की ऊ उडी मारत नाही, सरपटते. उडी मारते ती पिसू.

शब्दांची वही

लिहायला बसण्याआधी विषयाभोवतीचे वीस-पंचवीस शब्द एका पानावर काढा. मराठी या कामासाठी फार श्रीमंत आहे. नुसत्या विष्ठेचंच बघा: गाई-म्हशीचं शेण, घोड्याची आणि हत्तीची लीद, शेळीची नि उंदराची लेंडी, आणि कावळा तर शिटतो. प्रत्येक शब्दाचा आकार वेगळा, आवाजही वेगळा. ‘लेंडी’ गोल आणि टणक वाटते, ‘शेण’ पसरतं. ‘घाण’ किंवा ‘शी’ असा ढोबळ शब्द टाकून मोकळे होऊ नका. नेमका शब्द जास्त हसवतो.

त्याहून मोठा खजिना म्हणजे अनुकरणवाचक शब्द. त्यांचे तीन साचे लक्षात ठेवा. एकदाच घडणाऱ्या गोष्टीला ‘-कन’: पचकन, टुपकन, फदकन, फस्सकन. चालू राहणाऱ्या गोष्टीला लांबवलेली जोडी: बदाबदा, घळाघळा, भसाभसा. आणि स्पर्शाला ‘-ईत’: लिबलिबीत, बुळबुळीत, गिळगिळीत, पचपचीत. शेंबूड घळाघळा गळतो, टुपकन पडतो आणि लिबलिबीत लागतो. तीन साचे, तीन वेगळी चित्रं. एका कडव्यात असा एकच शब्द ठेवा. ‘लिबलिबीत बुळबुळीत पचपचीत’ अशी रांग लावली की तिन्हींची धार जाते.

शब्दांची पायरीही सांभाळा. ‘हगणे’, ‘मुतणे’ हे शब्द कित्येक घरांत रोजच्या बोलण्यातले आहेत, तर काही शाळांत ते उच्चारले तर बाई पालकांना बोलावतील. ‘ढुंगण’ बहुतेक ठिकाणी चालतं. जिथे कविता वाचली जाणार तिथली रीत विचारून घ्या. एक सोपी युक्ती आहे: मूळ शब्द कवितेत आणूच नका. वर्णन असं करा की मुलांनी तो शब्द स्वतः ओरडावा. न सांगितलेला शब्द मुलांच्या तोंडून येतो तेव्हा वर्गात जास्त धमाल होते, आणि तुमच्यावर तक्रारही येत नाही.

ताल: टाळी वाजवून बघा

एक नमुना घेऊ. पहिल्या खर्ड्यात नवा लिहिणारा साधारण असं लिहितो:

माझ्या नाकातून निघाला एक हिरवागार शेंबडाचा गोळा
आणि मी त्याच्याशी बोटावर घेऊन खेळत बसलो

हे गद्य आहे. मोठ्याने वाचा, दम लागतो आणि टाळी कुठे द्यायची ते कळत नाही. आता खोडत जा. ‘माझ्या’ नको, नाक कुणाचं ते चित्रातून कळतं. ‘एक’ नको. ‘निघाला’ नको. ‘शेंबडाचा’ तर अजिबात नको; नाकातला हिरवा गोळा म्हटल्यावर कुणाला शंका राहणार आहे? उरलं ते असं बसवलं:

नाकामधला हिरवा गोळा
बोटावरती करतो चाळा

आता मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची १ मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या २. अनुस्वाराचं अक्षर गुरू. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर जोर येत असेल तर तेही गुरू: ‘वर्ग’मधला ‘व’ गुरू होतो. पण ‘तुझ्या’मधल्या ‘तु’वर किंवा ‘दुसऱ्या’मधल्या ‘स’वर जोर येत नाही, ते लघूच राहतात. शंका आली की शब्द मोठ्याने म्हणायचा, कान सांगतो.

ना २, का २, म १, ध १, ला २: झाल्या ८. हि १, र १, वा २, गो २, ळा २: पुन्हा ८. ओळ १६ मात्रांची झाली. दुसरी ओळही मोजून बघा, १६ भरतात. आता चार-चार मात्रांवर टाळी द्या: ना-का, मध-ला, हिर-वा, गो-ळा. प्रत्येक टाळी शब्दाच्या किंवा त्याच्या स्वच्छ तुकड्याच्या सुरुवातीला पडते. १६ मात्रा भरूनही टाळी शब्दाच्या पोटात अडकली तर ओळ लंगडते. ‘खिसा उघडला’ मोजून ८ भरतात, पण दुसरी टाळी ‘उघडला’च्या ‘उ’वर न पडता ‘घ’वर पडते आणि मूल तिथे अडखळतं. बेरीज बरोबर आहे म्हणून ओळ बरोबर आहे असं समजू नका.

पूर्ण कविता अशी झाली:

नाकामधला हिरवा गोळा
बोटावरती करतो चाळा
झटकू म्हटलं, उडतच नाही
फासू म्हटलं, बघते आई
टुपकन पडला, चहात थेट
दादा म्हणतो, “वेलची ग्रेट!”

शेवटच्या दोन ओळी जरा निरखून बघा. ‘चहात थेट’ मोजलं तर ७ मात्रा भरतात, एक कमी. ‘वेलची ग्रेट’च्या कागदावर ८ होतात, पण तोंडात ते ‘वेल्-ची’ असं होतं, म्हणजे म्हणताना ७च. दोन्ही ओळी ‘ट्’वर तुटतात आणि एका मात्रेची जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा मुद्दाम ठेवली आहे: मुलं तिथे हसतात. शेवटची ओळ दीर्घ स्वरावर संपवली असती तर हसायला फट उरली नसती. पहिल्या चार ओळींत तालाची सवय लावायची आणि शेवटी ती किंचित तोडायची. याउलट पहिल्याच ओळीत मात्रा कमी-जास्त केल्या तर मुलांना ताल सापडतच नाही, मग शेवटी तोडायला काही उरत नाही.

‘झटकून’चं ‘झटकुन’, ‘जाऊन’चं ‘जाउन’ अशी सूट कवितेत चालते. ‘करोनी’, ‘तयाला’, ‘पाही’ असे जुने शब्द मात्रा भरण्यासाठी आणू नका. मूल असं बोलत नाही. शेंबडाच्या कवितेत ‘तयाला’ आलं की ती कविता अचानक आजोबांच्या वहीतली वाटू लागते.

मात्रांचा हिशोब जड वाटत असेल तर अष्टाक्षरीने सुरुवात करा. तिथे लघु-गुरू बघायचं नाही, ओळीत ८ अक्षरं मोजायची:

बाई घेतात हजेरी
वर्ग सारा चिडीचूप
“तेरा नंबर?” म्हणाल्या
मागे झालं, “पुपूपूप!”

बाई म्हणाल्या, “हजर!”
खूण केली वहीवर
“बाकी हजेरी नंतर,
आधी चला गच्चीवर!”

जोडाक्षर एकच अक्षर धरायचं: ‘म्हणाल्या’ तीन, ‘गच्चीवर’ चार. इथे आणखी एक गंमत आहे. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी ओळ पाच अक्षरांनंतर थांबते आणि बाकीच्या बरोबर चारवर. त्यामुळे ओळी एकाआड एक झुलतात. आठ अक्षरं भरली पण थांबा कुठेही पडला, तर अष्टाक्षरी सपाट होते. नवशिक्यांच्या अष्टाक्षरीत सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच.

काहीतरी घडू द्या

घाणीचं वर्णन म्हणजे कविता नव्हे. ‘मोजे कुबट, मोजे ओले, मोजे काळे’ हे तीन ओळींत संपतं. मोज्याने काहीतरी केलं पाहिजे. सगळ्यात सोपा सांगाडा अडचण, उपाय, फसगत असा आहे. वरच्या कवितेत गोळा बोटाला चिकटला ही अडचण, झटकणं आणि फासणं हे फसलेले उपाय, चहा ही फसगत. उपाय दोन ठेवा. एकच ठेवला तर फसगत फार लवकर येते. चार ठेवले तर मूल खिडकीबाहेर बघायला लागतं.

दुसरा सांगाडा चढणीचा. मामाने मोजा काढला: आधी माशी चक्कर येऊन पडली, मग मांजराने गॅलरीतून उडी मारली, मग शेजारच्या काकूंनी दाराखाली ओला टॉवेल लावला, आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळाने बारा वाजवले, दुपारचे चार असताना. लहानापासून मोठ्याकडे जायचं आणि शेवटची पायरी वेगळ्याच दिशेला टाकायची. काकूंच्या पुढे ‘सगळं गाव पळालं’ असं लिहिलं असतं तर ते मोठं झालं असतं, मजेदार झालं नसतं. मुलांना पुढची पायरी आधीच दिसत असते.

हजेरीच्या कवितेत तिसरा प्रकार आहे: मोठं माणूस चिडेल असं वाटतं आणि ते चिडत नाही. बाई शांतपणे हजेरी लावतात. मुलांना हे फार आवडतं, कारण प्रत्यक्षात त्यांनी ओरडा खाल्लेला असतो.

यमक

मराठीत क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे आला-गेला, उठली-बसली अशी यमकं हात न लावता मिळतात. फुकट मिळालेलं हे यमक मुलांना आधीच ऐकू येतं. माशीवरचा हा खर्डा बघा:

शेणावरची माशी उठली
पेढ्यावरती जाउन बसली
पायांनी चव घेत म्हणाली,
“शेणावर तर चंगळ झाली!”

मात्रा चोख आहेत, प्रत्येक ओळ १६ची. विनोदही आहे. पण चारही ओळी क्रियापदावर संपतात, त्यामुळे शेवटचा टोला बोथट होतो. नियम एवढाच ठेवा की जोडीतला निदान एक शब्द क्रियापद नसावा. तेच पुन्हा लिहिलं:

शेणावरची उडली माशी
पेढ्यावरती बसली खाशी
पायांनी ती चाखत गोडी
म्हणते, “शेणाहुन ही थोडी!”

‘खाशी’ हा जरासा ठसकेबाज शब्द यमकाच्या गरजेतून आला आणि माशीला एकदम रुबाब देऊन गेला. ‘थोडी’ तर कवितेचा अगदी शेवटचा शब्द झाला आणि सगळा विनोद त्याच्यावर टेकला. हसवणारा शब्द ओळीच्या शेवटी आणा. तो मध्ये राहिला तर त्याच्यापुढचे शब्द हशात बुडून जातात.

यमकासाठी उलट्या दिशेने काम करायची सवय लावा. आधी शेवटचा शब्द ठरवा, त्याला जुळणारे दहा शब्द काढा आणि त्यातला जो विषयापासून सर्वांत लांबचा असेल तो उचला. ‘ढेकर’साठी ‘टक्कर’, ‘साखर’, ‘भाकर’ सुचतात, पण ‘एकर’पर्यंत नीट जुळणारं ‘टेकर’, ‘बेकर’ शोधायला गेलं की ओळ ओढाताणीची होते. अशा वेळी ढेकर ओळीच्या मध्ये सरकवा आणि शेवटी दुसरा शब्द आणा. हट्ट करू नका.

हसायचं शेंबडावर, शेंबड्यावर नाही

इथे कुठलीही सवलत घेऊ नका. पाद सगळ्यांना येतो, म्हणून पादावर सगळे मिळून हसू शकतात. पण कवितेतला वास एकाच मुलाला चिकटला, तर उद्यापासून वर्गात त्याचं नाव तेच पडतं, आणि तुमच्या छान जुळलेल्या यमकामुळे ते वर्षभर पुसलं जात नाही. चिडवणं यमकातून फार वेगाने पसरतं. म्हणूनच हजेरीच्या कवितेत नाव न घालता तेरा नंबर ठेवला आहे. वर्गात वाचताना तो नंबर ज्या मुलाचा असेल त्याच्याऐवजी पट संपल्यानंतरचा एखादा नंबर घाला. अक्षरं मोजून बदला, ‘तेरा’ला दोन अक्षरांचाच पर्याय लागेल. ‘साठ’ बसतो.

घाणीसाठी माणसांच्या जाती-धंद्याकडे, वस्तीकडे, गरिबीकडे, रंगाकडे, जाडेपणाकडे बोट जाता कामा नये. सफाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया हे विनोदाचे विषय नाहीत. घाण करणारे सगळे, ती उचलणारे थोडे, एवढं लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ चुका टळतात. उवांची कविता लिहायची तर उवेला नायिका करा: ती केसांच्या जंगलात घर शोधते, केसाला लीख चिकटवते, फणी नावाचं रेल्वेइंजिन येतं आणि तिची पळापळ होते. डोकं कुणाचं ते सांगायचंच नाही. आजारपण, पाळी, अंथरूण ओलं होणं हे विषय मुलांच्या मनात आधीच लाजेचे असतात. तिथे हात घालू नका. ‘मी’ म्हणून लिहिलं की बराच धोका टळतो: शेंबूड माझा, फजिती माझी.

आणि शेवटी ‘म्हणून मुलांनो, रुमाल वापरा’ हे कडवं जोडू नका. त्या ओळीला मुलांना कळतं की इतका वेळ आपल्याला फसवून औषध पाजलं. स्वच्छतेचा धडा द्यायचा असेल तर तो वेगळा द्या.

मुलांसमोर वाचताना

घरच्या मोठ्यांना दाखवून कविता तपासू नका. ते कौतुक करतील किंवा नाक मुरडतील. दोन्हीचा उपयोग नाही. दोन-तीन मुलांना बसवा आणि पाठ करून म्हणा, कागद हातात नको. ‘आता मी एक गमतीदार कविता म्हणणार’ असं आधी सांगू नका; चेहरा गंभीर ठेवा, बातमी सांगितल्यासारखा. आवाजाच्या शब्दावर, म्हणजे ‘पुपूपूप’वर किंवा ‘टुपकन’वर, आधी अर्धा श्वास थांबा. पहिल्या वेळी ते आवाज तुम्ही काढा, दुसऱ्या वेळी मुलांना काढू द्या.

पेन्सिलीने तीन खुणा करा: हसले तिथे एक, तुम्ही स्वतः अडखळलात तिथे एक, आणि मुलांची नजर हलली तिथे एक. अडखळलात तिथे मात्रांचा दोष आहे, दुसरा शब्द शोधा. नजर हलली तिथे ओळ जास्त झाली, ती सरळ कापा. तिच्यावाचून गोष्ट कळते का बघा, बहुतेकदा कळते. पहिल्याच ओळीला मोठ्याने हसले आणि मग शांत झाले, तर सगळ्यात जोरदार घाण तुम्ही आधीच खर्च केली आहे. ती चौथ्या-पाचव्या ओळीत न्या. काहीच न समजल्यासारखे बसले तर बहुधा एखादा शब्द अडला आहे. ‘मेकूड’ काही घरांत कुणी म्हणत नाही, तिथे ‘नाकातली गोळी’ म्हटलं जातं. तिथला शब्द विचारा आणि तो घाला.

जेवणाच्या वेळी वाचू नका. मुलं मजेत ऐकतात, पण एखाद्याला खरंच मळमळतं आणि मग डबा तसाच घरी जातो.

दुसऱ्या दिवशी परत जा आणि न सांगता फक्त पहिली ओळ म्हणा. मुलांनी दुसरी ओळ पुरी केली तर ताल बसला आहे. त्यांनी एखादा शब्द बदलून म्हटला, तर तो बदल लिहून घ्या. मुलांची जीभ अवघड शब्द आपोआप सोपा करते आणि दहापैकी आठ वेळा त्यांची ओळ तुमच्यापेक्षा चांगली चालते.

यानंतर शेवटची ओळ फळ्यावर रिकामी ठेवा. ‘टुपकन पडला, चहात थेट’ इतकं लिहा आणि पुढची ओळ त्यांच्याकडून मागा. ‘थेट’ला जुळणारे शब्द बाजूला लिहून द्या: भेट, पेट, रेट, सेट, गेट. चार टाळ्यांत बसेपर्यंत सगळ्यांनी मिळून वाजवून बघायचं. पहिल्या पाच-सहा ओळी लंगड्या येतील, त्या खोडू नका, टाळी वाजवून त्यांनाच ऐकू द्या कुठे अडकतं ते. मग कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडतं, “आजी म्हणते, जास्तच घट्ट!” यमक चुकलेलं असतं, पण वर्ग लोळत असतो. ती ओळ वहीत टिपून ठेवा आणि ‘घट्ट’साठी नवी कविता सुरू करा.